धुरींच्या घरातला माझा आवाज

हे तुम्ही मानणार नाही, एवढं मी आधीच सांगून ठेवतो. कर्लीच्या खाडीत मगरीच्या पाठीवर बसून मी पैलतीर गाठला, ही माझी गोष्ट आजवर चौघांनी मानली आहे आणि त्यांतला एक तर पोस्टमास्तर होता. फणसावर वीज पडून झाडावरच गरे भाजले आणि आम्ही ते मीठ लावून खाल्ले, हेसुद्धा पुष्कळांनी मानलं. पण आता जे सांगतो ते मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कारण यात मगर नाही, वीज नाही. यात मी माझ्याच आवाजावर जळलो, आणि तो आवाज माझ्या गळ्यात नव्हता. दिगंबर धुरीच्या घरात होता.

मी रमाकांत कुबल, सडेवाडीचा भजनी बुवा. वय एकाहत्तर, एखाद्या दिवशी अडुसष्ट. आमच्याकडे जत्रेत डबलबारी लागते, ती ठाऊक नसेल तर सांगतो. दोन बुवा, दोन भजनी मंडळं, समोरासमोर. एकाने अभंग म्हणायचा, गवळण म्हणायची, आणि शेवटच्या गजरात समोरच्याला पुराणातला एक प्रश्न घालायचा, वर चार चिमटे काढायचे. मग समोरच्याची बारी. त्याने गाऊनच उत्तर द्यायचं आणि चिमट्याला चिमटा. लोक भजनाला येतात असं बुवांना वाटतं. लोक चिमट्यांना येतात.

दिगूबुवा धुरी आणि मी बावीस वर्षं असे समोरासमोर बसलो. स्टेजवर आम्ही एकमेकांचं काय काय काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि स्टेजखाली बोलायचं नाही, ही रीतच होती. दोन बुवा चहाच्या टपरीवर गप्पा मारताना दिसले तर रात्री त्यांचं भांडण कोण खरं मानेल? त्यामुळे वाटेत दिगू दिसला की मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाकायचो आणि तो आकाशात ढग शोधायचा. पुढे डबलबाऱ्या कमी झाल्या, आमचे गळे बसले, पण रीत तेवढी राहिली.

दोन हजार बेचाळीसच्या मार्गशीर्षात दिगूला लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून यायचं फक्त "बा, बा". ज्या माणसाने मला 'फुटक्या घागरीतला बेडूक' म्हणून अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध केलं होतं, त्याला पाणी मागता येईना.

तालुक्याच्या पुनर्वसन केंद्राने त्याला नव्वद दिवसांसाठी एक यंत्र दिलं. डोक्याला बांधायचा एक पट्टा आणि एक डबा. डबा आपल्या जेवणाच्या डब्याएवढाच, आवाज मात्र मंडपाला पुरेल असा. यंत्राबरोबर आठवड्यातून दोनदा समीक्षा वासनिक नावाच्या बाई यायच्या. वर्ध्याच्या. त्यांनी मला हे यंत्र समजावलं ते पुढे देतो, आणि यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण कवटीतून बोटभर आत जातो. मेंदूचा जो कोपरा कामाला लागतो तिथे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त तो उजेड वेगळ्या मापाने पितं, शिळं वेगळ्या. परत येणारा उजेड मोजला की कुठला कोपरा जागा आणि कुठला झोपलेला ते पडद्यावर दिसतं. आता, लकव्याच्या माणसाला रोज तासभर त्याच्या आवडीचं गाणं ऐकवलं तर त्याचं लक्ष आणि आठवण लवकर सावरते, मन खचत नाही, हे डॉक्टरांना जुनंच माहीत होतं. ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही तो कधी कधी गाण्यातलं पाणी म्हणतो, हेही माहीत होतं. बोलण्याचं घर बहुतेक मेंदूच्या डावीकडे असतं, पण सुराचं एक बिऱ्हाड उजवीकडेही आहे.

नवीन होतं ते डब्याचं काम. कुठल्या आवाजाने मेंदू जागा होतो ते डबा पट्ट्याकडून शिकायचा, आणि मग त्याच आवाजात स्वतः नवीन गाणं रचून म्हणायचा. मधे जागा सोडायचा, रुग्णाने भरण्यासाठी. रुग्णाने भरली की पुढची ओळ.

घरच्यांनी दिगूच्या स्वतःच्या भजनांची रेकॉर्डिंगं दिली. पट्ट्यावर काही नाही. मंडळाची माणसं येऊन टाळ कुटून गेली. काही नाही. पडदा आपला राखाडी. मग समीक्षाबाईंना एक जुनं रेकॉर्डिंग सापडलं, त्यावर नाव नव्हतं, दोन बुवा आळीपाळीने गात होते. पहिला आवाज लागला आणि पडदा पेटल्यासारखा लाल झाला. बाईंनी वहीत लिहिलं, 'रुग्णाचा स्वतःचा तरुणपणीचा आवाज, उत्तम प्रतिसाद', आणि डब्याला तोच आवाज शिकवला. दिगूची बायको सुलक्षणावहिनी तेव्हा मागच्या दारी खोबऱ्याचं वाटप वाटत होती. तिला वाटलं, जुनं रेकॉर्डिंगच चाललंय. वर्ध्याच्या माणसाला दोन कोकणी बुवा वेगळे कसे ओळखू येणार? तो आवाज माझा होता.

हे वहिनीच्या लक्षात आलं ते अकराव्या दिवशी, आणि तेव्हा उशीर झाला होता, कारण त्या सकाळी दिगू बोलला. लकव्यानंतर माणसाच्या तोंडून पहिला शब्द देवाचा यावा अशी घरच्यांची इच्छा असते. डब्याने माझ्या आवाजात एक ओळ म्हटली, जागा सोडली, आणि दिगूने ती स्वच्छ सुरात भरली.

"गाढवा!"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुलक्षणावहिनी माझ्या दारात. आजवर धुरींच्या घरातलं माणूस माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आलं नव्हतं.

"बुवानू, असास काय घरात?"

"येवा वहिनीनू, बसा."

"बसाक इलंय नाय. तुमचो आवाज आमच्या घरात असा." तिने पिशवीतून कागद काढला. "हेच्यार सही होयी. आवाजाचो मालक जितो आसलो तर तेची परवानगी लागता म्हणतत. नाय दिलास तर डब्यातसून तुमचो आवाज काढतले."

"आणि काढलो तर?"

"तर हे परत गप्प."

मी म्हटलं, आधी ऐकतो, मग सही करतो. खरं कारण वेगळं होतं. मला पाय धुवून घेतल्यासारखा मान मिळाला होता आणि तो इतक्या लवकर संपवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी धुरींच्या खिडकीखाली उभा राहिलो. आत मी गात होतो. त्रेचाळीस वर्षांचा मी. वरचा षड्ज असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला, आणि ती ओळ मी जन्मात कधी म्हटली नव्हती.

"दिगूबुवा, दिगूबुवा, पेटी तुमची गाते,
बोट कुठे, सूर कुठे, हवा कुठे जाते?"

डबा थांबला. मग आतून दिगूचा खरखरीत, अडखळता, पण सुरातला आवाज आला, "कुबलाच्या... डोक्यात!"

मला हसू आलं, राग आला, आणि माझ्या डोक्यात खरंच हवा गेल्यासारखं झालं. हा चिमटा मी काढला होता की नव्हता? उत्तर मला दिलं होतं की डब्याला? मी खिडकीखाली उभा राहून मनात परतीचा चिमटा तयार करतोय तोवर आतल्या 'मी'ने तो काढलासुद्धा. माझ्यापेक्षा चांगला.

वहिनीने मला आत बोलावलं आणि डब्याची दुसरी बाजू दाखवली. तिथे अक्षरं टाइप करायची सोय होती. तिने लिहिलं, 'गोळी घ्या.' डब्याने ते माझ्या आवाजात गजराच्या चालीवर बसवलं. दिगूने मान ताठ केली, "घेतो रे, भितो काय!" असं गाऊन गोळी गिळली.

"माझ्या हातची थुकतत," वहिनी म्हणाली. "तुमी सांगितलास की गिळतत."

"मी खंय सांगितलंय? डब्यान सांगितल्यान."

"तां तुमचा तुमी बघा." ती पदराने डबा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. "चाळीस वर्सां माझ्याशी बोलले नाय तितके ह्या डब्याशी बोलतत. माका 'सुलू' म्हणीत. आता माझ्याकडे बघून नुसता बा, बा. काल मी काय केलंय म्हायत असा? डब्यात लिवलंय, 'सुलू खंय असा?' तुमच्या आवाजात इचारलंय. तर काय म्हणतत?"

"काय?"

"म्हणतत, 'तुका कित्याक होयी?'"

माझी बायको तुला कशाला हवी, असं! तिला आधी हसू आलं. मग नाही आलं. मी कागद घेतला आणि सही केली, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे.

त्यानंतर मी रोज जायला लागलो. रीत मोडली असं म्हणाल तर मोडली नाही, कारण दिगू माझ्याशी बोलतच नव्हता. तो डब्याच्या मागच्या भिंतीकडे बघून बोलायचा, जणू मी तिथे झब्बा घालून पेटीपुढे बसलोय. मी खरा त्याच्या बाजूच्या स्टुलावर कोकम सरबत पीत असायचो. डबा तासभर बंद ठेवला की दिगू मिटायचा. परत लावला की उमलायचा. पंच्याहत्तराव्या दिवशी समीक्षाबाई कपाळाला हात लावून बसल्या.

"काका, नव्वद दिवस झाले की यंत्र पुढच्या पेशंटला जाते. मालवणच्या एक शिक्षिका वाट पाहून राहिल्या. आणि बुवा यंत्राशिवाय एक शब्द नाही बोलत. हे असंच राहिलं तर यंत्र गेलं की त्यांचं बोलणं गेलं."

"मग मी कित्याक असंय?" मी म्हटलं. "माझो आवाज जाता खंय? मी असंय ना जितो!"

हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सात दिवस मी मध-मिरी खाल्ली. आता सात म्हणतो, चार असतील. ठेवणीतला झब्बा इस्त्री केला, पेटी खांद्यावर घेतली आणि दिगूच्या समोर, अगदी डबलबारीच्या अंतरावर बसलो. त्याच्या डोक्याला पट्टा. बाई पडद्यापाशी. वहिनी दारात. मी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

ओळ संपवून जागा सोडली. डोळे उघडले तर दिगू माझ्याकडे विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. मी चढ्या पट्टीत गेलो. आवाज चिरकला. मी खोकलो, परत चढलो. तेव्हा दिगूने डावा हात उचलून डब्याकडे बोट केलं आणि मला हाताने खूण केली. गप्प बस. कुबलबुवा गातायत ते ऐकू दे.

पडदा राखाडी होता.

त्या दिवशी मी घरी गेलो ते पेटी तिथेच विसरून. वाटेत मला काही कळेना. कुबल कोण? डब्यातला माझ्यासारखा, की मी डब्यातल्यासारखा? दिगू बावीस वर्षं ज्याच्याशी भांडला तो मी नव्हतोच काय? आणि नव्हतो तर मग मी ते चिमटे रात्र रात्र जागून का रचले? माझी बायको हयात असताना म्हणायची, तुमी त्या धुरींचो इचार करतास तितको माझो केलास तर माझा सोना होयत. तिला काय सांगणार? आज धुरींनी मला ओळखलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी आणायला गेलो तर समीक्षाबाई पडद्यावरचे सगळे दिवस एका रांगेत लावून बसल्या होत्या. लाल टेकड्याच टेकड्या.

"काका, तुम्ही गाण्यातले. मला सांगा, ह्या सगळ्यात उंच टेकड्या इथेच कशा काय येतात? सूर बदलत नाही. ताल बदलत नाही. मला तर समजूनच नाही राहिलं."

त्यांनी त्या जागा एकेक करून ऐकवल्या. पहिल्या जागी डब्यातला मी म्हणत होतो की हनुमंताने द्रोणागिरी लंकेहून आणला. दुसऱ्या जागी पांडवांची नावं होती आणि त्यांत सहदेव नव्हता. तिसऱ्या जागी रावणाच्या वडिलांचं नाव चुकलेलं. डब्याला गाता येत होतं, पण त्याचं पुराण कच्चं होतं.

"बाई," मी म्हटलं, "इथे मी चुकलोय. म्हणजे तो चुकलाय."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. आणि प्रत्येक वेळी दिगूने पकडलंय."

मला त्या क्षणी काय कळलं ते नीट सांगता येत नाही, कारण नीट कळलंच नाही. एवढंच सुचलं की डबलबारीत समोरचा गात असतो तेव्हा आपण टाळ्या वाजवायला बसलेले नसतो. कान लावून बसलेले असतो, हा कुठे घसरतो ते बघायला. बावीस वर्षं दिगूने माझी प्रत्येक ओळ अशी ऐकली. इतक्या मन लावून मला कुणीच ऐकलेलं नाही, बायकोनेसुद्धा नाही, मी स्वतःसुद्धा नाही.

"म्हणजे गाण्यामुळे ते बोलत नव्हते?" बाईंनी विचारलं. "चूक पकडायला बोलत होते?"

"तां माका काय इचारतास? यंत्र तुमचां."

"मला खरंच नाही माहीत, काका. असंही असेल की सुराने दार उघडलं आणि चुकीने त्यांना बाहेर ओढलं. असंही असेल की दोन्ही लागतात. ह्याच्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही."

मी पेटी उचलली. मनात म्हटलं, सूर माझे गेले. पण खोटं? त्यात माझ्या तोडीचा माणूस गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत दाखवा!

नव्वदावा दिवस उजाडला. सकाळी अकराच्या सुमारास केंद्राची बिनचालकाची पांढरी गाडी खळ्याच्या टोकाला येऊन उभी राहिली. बाईंनी दिगूच्या डोक्यावरचा पट्टा सोडला, डबा खोक्यात ठेवला, खोक्याला चिकटपट्टी लावली. शेजारची चार माणसं, मंडळाचा मृदंगवाला पेडणेकर, सगळे उगाचच उभे. मयतीला उभे राहतात तसे. दिगू खुर्चीत. जाणाऱ्या खोक्यावर त्याची नजर होती. वहिनी पेला घेऊन त्याच्यापुढे वाकली.

"पाणी होया?"

"बा," दिगू म्हणाला.

तिने पेला तसाच धरून ठेवला. मी पायरीवर बसलो, झब्बा नाही, पेटी नाही, आणि पेडणेकराला म्हटलं, "पेडणेकरा, आमच्या शेवटच्या डबलबारीची गजाल तुका म्हायत असा?"

"कुबलबुवानू, आज नको."

"आजच. ऐक. त्या वर्सा मी गजर धरलंय आणि देवळाची घंटा आपसूक वाजाक लागली. पुजारी पळालो."

कुणीतरी कसंनुसं हसलं. दिगू खोक्याकडेच बघत होता.

"मग दिगूची बारी. पेटी उघडल्यान, तर भातो फाटलेलो! गड्यान तोंडानच पेटी वाजवल्यान. पाव तास! गाल बघ, अजून सुजलेले असत."

बाई गाडीपाशी थांबल्या. दिगूची नजर खोक्यावरून निघाली आणि माझ्या पायांपाशी येऊन टेकली. आता याच्यापुढे काय घालू? त्या रात्रीचं खरं काय झालं होतं ते इथे मला आणि त्याला, दोघांनाच माहीत होतं. ते मी वीस वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी ते उलटं केलं आणि सगळ्या गावासमोर ठेवलं.

"मग मी प्रश्न घातलंय. कर्णाचो सारथी कोण, तेच्या बापाशीचां नाव काय, आणि तेच्या घोड्यांचो रंग खंयचो! दिगूक घाम फुटलो. बघता इकडे, बघता तिकडे. हळूच उठलो. माणसां म्हणतत, येतलो, येतलो. खंयचो येता! पाटल्या वाटेन जो धावत सुटलो तो घराकडे. अर्धी बारी सोडून! मी एकटोच उजाडासर गायलंय, आणि दिगूबुवा हयसर गोधडी घेवन..."

"खो," दिगू म्हणाला.

मी थांबलो नाही. थांबायचं कसं ते मला कळतच नव्हतं. "गोधडी घेवन निजलेलो, आणि वहिनी तेका पेज..."

"खोटा!"

खुर्ची हलली. डावा हात वर गेला आणि माझ्याकडे रोखला गेला. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा वर चढला होता, उजवा तसाच लोंबत होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडेही नाही. त्याने मान वळवली, पेला धरून उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं, आणि एकेक शब्द विहिरीतून घागर ओढावी तसा ओढून, बिनसुराचं, आमच्याकडे घरात बोलतात तसं बोलला.

"सुलू... खोटा सांगता ह्यो. मी... हललंय नाय. ह्योच... मुताक जातंय म्हणान उठलो... तो परत... इलोच नाय!"